खड्ड्याचा वाढदिवस

पांढुर्ण्यात मी बातम्यांची वेबसाइट चालवतो म्हटलं, की लोक एकच विचारतात, "फोटो कधी टाकता जी?" बातमी कोणालाच नको असते. साध्या हातपंपाच्या उद्घाटनाला कोण कोण उभं होतं, ते सगळं लिहावं लागतं. एक नाव सुटलं, की तो माणूस भर बाजारात भांडायला येतो. संपादक, बातमीदार आणि शिव्या खाणारा, असा मी एकटाच.

बायको शाळेत शिकवते. शाळेसमोरच्या खड्ड्यात ती स्कूटीसकट पडली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. त्या खड्ड्यावर मी आधी दोनदा लिहिलं होतं, अगदी सभ्य भाषेत. कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझ्या वाकड्यातिकड्या पोळ्यांकडे बघत ती म्हणाली, "तुमच्या साइटनं एक खड्डा बुजत नसन, तर बंद करा ते. भावाच्या खताच्या दुकानात बसा."

ती थट्टा करत नव्हती. बातम्या सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि खताच्या वासानं शिंका येतात.

मग मी गावाचीच रीत धरली. खड्ड्याचा झकास फोटो काढला, भोवती झेंडूचा हार, वर सोनेरी अक्षरं: 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! असेच दिवसेंदिवस मोठे व्हा.' खाली 'शुभेच्छुक' लिहून जागा कोरी सोडली आणि साइटवर टाकून दिला.

दुपारी आमच्या वॉर्डाच्या पार्षदांचा, म्हणजे नगरसेवकांचा, फोन. "काहून जी, शुभेच्छुकात माया फोटो नाही? लोक विचारून राहिले."

"भाऊ, वाढदिवस कोणाचा आहे ते पाहिलं का?"

"कोणाचाबी असो! वॉर्ड आपला आहे ना? मी सौसरले चाललो, गाडीत आहो. तुमी टाकून द्या."

हात जोडलेला फोटो त्यांनी लगेच पाठवला. मी आज्ञाधारक माणूस, टाकून दिला. संध्याकाळपर्यंत नदीपलीकडचं सावरगावही हसत होतं. पार्षदांचा पुन्हा फोन आला, पण ते बोलणं छापण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी खड्डा बुजला, तोही समारंभपूर्वक. पार्षद स्वतः घरी आले, फोटो आणि नावं देऊन गेले. जाताना बजावलं, "एकबी नाव सुटू देऊ नका."

बायकोनं डाव्या हातात फोन धरून बातमी वाचली. "सारे आहेत," ती म्हणाली. "जे पडली, तेच नाही."

ती हसत होती, मला मात्र हसू येईना. मी पार्षदांना फोन लावला. "भाऊ, एक नाव सुटलं," म्हणालो, आणि ते नाव सगळ्यात वर, त्यांच्याही वर जावं म्हणून त्यांच्याशी कडाकडा भांडलो.

खताच्या दुकानाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.