चंद्राची ओवाळणी

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढली नाही. घरच्यांजवळ नाही, देवापुढंसुद्धा नाही. तुमच्याजवळ काढते — बसा जरा.

आष्ट्याच्या घरात आम्ही दोघी जावा. थोरलीला मी आक्का म्हणते. थोरले दीर लवकर गेले, तिला मूलबाळ नाही. माझी पोरं तिच्याच हातचं खाऊन वाढली. भांडणं? झाली की. पण एकमेकींशिवाय चहा कधी गोड लागला नाही. सुखात गेलं बघा सगळं.

आक्का आटपाडीची. तिकडची माणसं गलाईला — सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्याला — देशभर पांगलेली. तिचा धाकटा भाऊ शंकर बापाशी भांडून असाच कोइमतूरला गेला, तो परतलाच नाही. पत्ताही कळवला नाही. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते ना? आक्का भाऊ असून चंद्राला ओवाळायची.

नव्वदीच्या शेवटी सांगलीत इंटरनेटची दुकानं आली. एका दुकानावर पाटी — पैसे भरा, नाव सांगा, कुठल्याही गावचा फोन नंबर मिळेल. दोघी इस्त्रीची लुगडी नेसून गेलो. मिळालेला नंबर निघाला दवाखान्याचा. पलीकडची बाई तमिळमध्ये काहीबाही बोलतेय आणि आक्का आपली, "शंकऱ्या हाय का तितं?" दुसऱ्या खेपेचा नंबर बंदच. दुकानदार म्हणाला, "मावशी, पैसे शोधायचे घेतो, सापडायचे नाही."

येताना एसटीत आक्का म्हणाली, "घावला तर त्याच्याकडंच जाईन बाई ऱ्हायला. म्हातारपण काय तुझ्याच उरावर काढू व्हय?" हसत म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही.

पुढच्या खेपेला तिचे गुडघे धरले होते, म्हणून मी एकटी गेले. शेजारच्या एसटीडी बूथवरून नंबर लावला. आणि — कसं सांगू — पलीकडून आटपाडीची बोली आली. "शंकर बोलतोय. कोण हाय?"

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"गावाकडनं का? आक्का, तू हाईस?"

मी फोन ठेवला. नंबरची चिठ्ठी तिथंच फाडली.

घरी येऊन म्हणाले, ह्याही वेळी फसवलं मेल्यांनी. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "जाऊ दे गं. परत न्हाई जायाचं आता. लय दमलीस, चा ठेवू?" आणि मी तो चहा प्यायले.

का केलं? ती गेली असती म्हणून. तिच्या भल्यासाठी वगैरे काही नव्हतं त्यात. दुकानानं दोनदा फसवलं, तिसऱ्यांदा मी.

अजून आम्ही दोघी आहोत. बऱ्या आहोत. आता गुडघे माझेही गेलेत, तरी भाऊबीजेला हात धरून तिला गच्चीवर नेते. बीजेची कोर ती, दिसते न दिसते तोवर मावळते. आक्का घाईनं ओवाळायला लागते. वारा असतो. निरांजन विझू नये म्हणून पदराचा आडोसा मी धरते.