बापूकाकांचे सात पडदे

आमचे बापूकाका कुठलंही यंत्र उघडण्याआधी त्याला गाऱ्हाणं घालायचे. शेजारणीचा मिक्सर असो नाहीतर मंडळाचा ॲम्प्लिफायर, स्क्रू फिरवण्याआधी पेचकस कपाळाला लावायचा, डोळे मिटायचे आणि गावच्या देवळात घालतात तसं खड्या आवाजात सुरू व्हायचं: "बा देवा म्हाराजा, ह्या मिक्सराच्या पोटात काय अडचण आसात ती दूर कर रे म्हाराजा!" आजूबाजूला असेल त्याने "व्हय म्हाराजा!" म्हणायचंच. कोणी म्हटलं नाही तर काका एक डोळा उघडून वाट बघत. मिक्सर दुरुस्त झाला की देवाचे आभार मानत, आणि नाही झाला तर कोण "व्हय" म्हणालं नाही याची चौकशी करत.

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खोली. लग्न केलं नाही. टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद केल्यावर दुकानातला सगळा माल खोलीत आला आणि काका त्यात उरलेल्या जागेत राहू लागले. त्यांचं आवडतं वाक्य "सोप्पा आसा!" ते ऐकलं की समोरचा माणूस घाबरायचा. कारण काका "सोप्पा आसा" म्हणाले म्हणजे तुमचा पंखा दोन दिवस तरी परत मिळत नाही हे सगळ्या चाळीला पाठ होतं.

खोलीत त्यांच्याबरोबर असायची आक्का, त्यांची आणि माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन मुंबईला आली, येताना दोन्ही भावांना घेऊन आली. बापूकाका तेव्हा आठ वर्षांचे. त्या एका खोलीत तिने खानावळ चालवली. गिरणीतली बावीस माणसं दोन पंगतींत जेवायची. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिने कारकुनीपर्यंत शिकवलं आणि काकांना टीव्ही दुरुस्तीच्या वर्गात घातलं. आता चौऱ्याऐंशीची झाली होती. स्वतःसाठी ती वर्षातून एकच गोष्ट मागायची, गणपतीला गाव. कुडाळच्या पुढे आमचं घर आहे, चुलतभाऊ तिथे राहतो, गणपती तिथेच बसतो.

पण तीन वर्षं तिचं जाणं झालं नव्हतं. गुडघ्यांमुळे स्टेशनचा जिना सुटला, आणि गाडीत बसवलं की अर्ध्या तासात तिचा जीव घाबरा व्हायचा. दाराची कडी शोधायची, "माका उतरव रे, माका उतरव" म्हणून रडकुंडीला यायची. दोन वेळा आम्ही पनवेलहून मागे फिरलो. तिसऱ्या वर्षी ती स्वतःच "तुमी जावा" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या गणपतीत काकाही गेले नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या भावाने, नितीनने, नऊ माणसांची जुनी गाडी घेतली. पेढे द्यायला आम्ही चाळीत गेलो तेव्हा आक्का टीव्हीसमोर बसली होती. काकांनी पेढा तोंडात टाकला, आक्काकडे पाहिलं, गॅलरीतून खाली गाडीकडे पाहिलं, परत आक्काकडे पाहिलं.

"बाय गो," मला म्हणाले, "आक्का गाडयेत बसणा नाय. पण टीव्हीसमोर तीन तास हलणा नाय. मगे टीव्ही गाडयेत बसवूक व्हयो. सोप्पा आसा!"

एक पडदा लावला असता तर खरंच सोपं होतं. पण काका खानावळीत वाढलेले. एकाच्या पानात वाढायचं आणि शेजारचा रिकाम्या ताटाकडे बघत बसणार, हे त्यांना बघवायचंच नाही. आक्काला पडदा म्हणजे नितीनच्या दोन मुलींना हवा. मुलींना म्हणजे माझ्या आईला हवा. मला हवाच. नितीनची बायको सायली म्हणाली, "काका, मला खरंच नको. मी गाडीत झोपते."

"झोप ना! बंद पडद्यासमोर झोप. पण पान मांडणार."

पुढच्या सीटवर नानांना आणि गाडी चालवणाऱ्या नितीनला पडदा द्यायचा नाही, यावर नितीन अडून बसला. तेव्हा नानांना कानात घालायचा रेडिओ मंजूर झाला आणि नितीनची समजूत आरशात मागचा रस्ता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर काढली. मोजून झाले सहा पडदे. आक्का टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "आणि तुका रे?" असे सात झाले.

काकांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. लाल वायर, पिवळी वायर, मधल्या सीटखाली एक पेटी, पेटीतून सात फाटे. माझ्या ऑफिसात आराखडे बनवणारी माणसं आहेत, त्यांच्यापैकी कोणी सायलीच्या झोपेसाठी वेगळं बटण काढलं नसतं. पडद्यांसाठी ते लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात इतक्या फेऱ्या मारून आले की तिथला एक दुकानदार त्यांना दुरून बघूनच शटर ओढू लागला, असं ते स्वतःच अभिमानाने सांगत.

मग एका रविवारी गॅलरीत रंगीत तालीम झाली. नऊ खुर्च्या तीन रांगांत. नितीनच्या हातात स्टिअरिंग म्हणून स्टीलचं ताट. काका पुढे उभे राहून रस्ता सांगत होते. "डावं वळण!" म्हटलं की आम्ही सगळे डावीकडे कलायचो. शेजारच्या पेडणेकरकाकू पाण्याची कळशी घेऊन मधून जायला लागल्या तर काका ओरडले, "नितीन, ब्रेक! ट्रॅफिक इला!" काकूंनी नितीनला शिव्या घातल्या आणि मग स्टूल आणून आमच्या मागेच बसल्या. आईच्या लक्षात आलं की पिवळी वायर तिच्या गळ्यावरून जाते आहे. मुलींनी कार्टूनवरून मारामारी केली. नाना हसून हसून खुर्चीतून घसरले, तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले, "सीटबेल्ट लाव, नाना."

आक्कापुढे मात्र खरा पडदा लावला होता आणि त्यावर तिची सिरियल. ती खुर्चीत दोन तास बसून होती. कडी शोधली नाही, उठली नाही. शेवटी चष्मा पुसत तिने विचारलं, "पनवेल इला काय रे?"

सगळी गॅलरी हसली. काका हसले नाहीत. ते वायर गुंडाळायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

निघायच्या दिवशी पहाटे गाडी चाळीखाली उभी. सातही पडदे सुरू झाले. गॅलऱ्यांतून लोक वाकून बघत होते. इतकं मोठं यंत्र, आणि गाऱ्हाणं नाही असं कसं होईल? काकांनी पेटी उघडी ठेवूनच सुरुवात केली. गाडीचं, पेटीचं, घाटाचं, आक्काच्या गुडघ्यांचं, सगळ्यांचं नाव घेऊन झालं. तीन मजल्यांवरून "व्हय म्हाराजा!" घुमलं. आता नारळ चाकासमोर फोडावा की नाही? पण काकांचं म्हणणं, चाक जुनं आहे, नवी आहे ती पेटी, मान पेटीचा. त्यांनी गाडीत वाकून सीटच्या लोखंडी कडेवर नारळ आपटला. नारळ पाण्याने भरलेला होता. ते सगळं पाणी पेटीत गेलं.

फट् असा आवाज झाला आणि सातही पडदे काळे झाले.

आक्का आधीच आत बसली होती, पदर सावरून, काळ्या पडद्याकडे बघत. नितीन हळूच म्हणाला, "काका, राहू दे. पुढच्या वर्षी करू." चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला पुढच्या वर्षीचा वायदा! मला त्याचा राग आला, आणि काकांचा त्याहून जास्त आला. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. यावेळी त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही, "सोप्पा आसा"ही म्हणाले नाहीत. सीटखाली घुसले आणि पाच मिनिटांनी घामाघूम होऊन बाहेर आले. मागचा कॅमेरा तेवढा पेटीला जोडलेला नव्हता. त्याची वायर त्यांनी ओढून आक्काच्या पडद्याला जोडली होती. पडदा लागला. त्यात आमची चाळ दिसत होती, आणि हात हलवणाऱ्या पेडणेकरकाकू.

गाडी निघाली. आक्काने विचारलं, "ही खयची सिरियल?" परळ आलं तसं तिने पडद्याला नाक लावलं. "अरे, ह्यो तर आपलो रस्तो! मागे मागे जाता!" आणि ती लहान मुलीसारखी हसायला लागली.

चेंबूरच्या पुढे पडद्यावर एक टेम्पो आला. त्यात कापडाने झाकलेली गणपतीची मूर्ती आणि तिला धरून बसलेली चार माणसं. आक्काने हात जोडले. "गणपती आमच्या मागसून येता रे!" त्यानंतर गाडीत फक्त आक्काचा आवाज. टेम्पो जवळ आला, मागे पडला, मधे बस घुसली, बस गेली, परत आला. आम्ही सगळे माना वळवून तिच्या पडद्यात बघत होतो. पुढे बसलेले नाना दर दोन मिनिटांनी विचारत, "आहे का गं?" पनवेल आलं. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. आक्का म्हणाली, "नितीन, हळू चालव, तो सिग्नलाक अडकलोहा." पनवेल गेलं.

त्यानंतर तिने कोणाला उतरूच दिलं नाही. आईने नाश्त्याचं नाव काढलं तर म्हणाली, "देव मागसून येता आणि आपण वडे खाऊक थांबाचा?" टेम्पो पेट्रोल पंपावर थांबला तेव्हाच आमची सुटका झाली. आम्ही पळत जाऊन सगळं आटोपलं, आणि टेम्पोतली माणसं आमच्याकडे संशयाने बघत होती. सायली अख्ख्या प्रवासात डोळा मिटू शकली नाही.

हातखंब्याला टेम्पो रत्नागिरीकडे वळला. पडद्यावर नुसता रस्ता राहिला. गाव अजून तीन-चार तास दूर. काकांनी कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने दाराच्या कडीवर हात ठेवला. शेवटी आक्का म्हणाली, "आता ह्या बंद कर रे बापू. माका भायरचा बघूक व्हया." आणि काच खाली करून ती भातशेतीकडे बघत राहिली, थेट घराच्या अंगणापर्यंत.

गणपतीचे पाच दिवस काका गावभर पेटीची आणि नारळाची गोष्ट स्वतःवर हसत सांगत फिरले. सहाव्या दिवशी आम्ही सामान भरलं. आक्का पडवीतल्या पायरीवर बसलेली. "चल आक्का," नाना म्हणाले. तिने नुसती मान हलवली. नाना समजावत होते, डॉक्टर मुंबईत, औषधं मुंबईत. ती हसून आंब्याकडे बघत होती. तेवढ्यात काकांनी टपावरची आपली बॅग सोडवून खाली घेतली.

नाना चिडले. "बापू, तू काय करणार इथे? सगळं आयुष्य तुझं लालबागेत गेलं!"

"तिचा पण थंयच गेला मा?" काका म्हणाले. "ती कधी काय बोलली?"

नाना गाडीत जाऊन बसले आणि उगाचच सीटबेल्ट लावू लागले.

काकांनी खोलीची चावी माझ्या हातात दिली. गॅस बंद आहे का बघ, तुळशीला पाणी घाल, खोलीतल्या यंत्रांपैकी कोणाचं काय आहे ते पेडणेकरणीला ठाऊक आहे, ज्याचं त्याला दे. "आणि दूधवाल्याक सांग, अर्धो लिटर बंद."

"किती दिवस बंद सांगू?" मी विचारलं.

उत्तर पायरीवरून आलं.

"बंद म्हणजे बंद गो," आक्का म्हणाली.