ऑलिव्हला पाणी नको

लातूरच्या आमच्या घरामागे ऑलिव्हची दोन झाडं होती. एक खिडकीखाली, एक कुंपणापाशी. माझ्या यजमानांनी निवृत्तीनंतर लावलेली. काळ्या मातीत मुळं कुजतात म्हणून त्यांनी खड्ड्यात मुरूम आणि वाळू भरली. फळ धरणार नाही हे रोपवाल्यानंच सांगितलं होतं, इकडं तेवढी थंडी पडत नाही. मग आणलीत कशाला, असं मी विचारलं. "पाणी मागत न्हाई, तेवढं लई झालं," ते म्हणाले. आठ-आठ दिवस नळाची वाट बघणाऱ्या गावात त्यांना असंच झाड हवं होतं.

मला मात्र कोरडा बुंधा बघवत नसे. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कुणी मोरीत सोडत नाही, ते झाडालाच जातं. मी ओतायला गेले की ते खिडकीतून ओरडायचे.

मग त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस आणि दिवसाला मोजून तीन पेले पाणी, चहा-वरण धरून. मापाचा पेला माझ्या हातात. दारी आलेल्याला आधी पाणी विचारायचं, असंच मी जन्मभर केलेलं, आणि आता नवऱ्यालाच नाही म्हणायचं. मला स्वतःचा संताप यायचा. उन्हाळ्यात ते कोरड्या ओठांवरून जीभ फिरवायचे. मी उठायचे आणि मागं जाऊन खिडकीखालच्या झाडाला बादलीभर पाणी ओतायचे. रोज. तेवढंच बरं वाटायचं.

त्या झाडाची पानं पिवळी पडली. मला वाटलं, तहानलंय. आणखी ओतलं. शेवटी उपटलं तेव्हा मुळं काळी, चिखलासारखी हाताला आली.

मी त्यांच्यापुढं रडले. ते हसले. "माझ्या वाटणीचं त्याला पाजत हुतीस व्हय? आता दुसरं तरी राहू दे."

त्या पावसाळ्यात ते गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी घोटभर जास्त मागितलं होतं. दिवसाचं माप संपलं होतं. मी दिलं नाही.

कुंपणापाशचं झाड अजून आहे. बोट खुपसून मुरूम कोरडा लागला तरच त्याला तांब्याभर घालते. फोटोपुढं मात्र रोज पेला काठोकाठ भरून ठेवते. दुसऱ्या दिवशी ते पाणी फेकवत नाही आणि झाडाला घालायचं नाही. म्हणून मीच पिते.