बोलून शिकणारी मुलगी

भूकंप झाला त्या दिवशी माझी बायको शाळेच्या गावात होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, म्हणून ती मुक्कामाला थांबली. खोली पडली. ती गेली. मी लातूरला होतो.

ती औसा तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवायची. मी लातूरला हायस्कूलवर होतो, गणित आणि विज्ञानाला. एरवी ती एसटीने जाऊन-येऊन करायची. जेवताना आमचं बोलणं शाळेतल्या मुलांचंच असे. आम्हाला मूल नव्हतं. भूकंपाआधीचे काही महिने तिच्या बोलण्यात चौथीतली एक मुलगी सारखी यायची. तिला पाटीवर काही येत नसे, तोंडी सगळं येई.

"तिला मी दारात उभं करते," बायको म्हणाली. "तिथं ती बोलत बोलत सोडवते. जागेवर बसून बोलली तर बाकीचे हसतात."

"परीक्षेत कोण बोलू देणार आहे?"

"अजून चौथीत आहे ती. परीक्षेचं तुम्ही हायस्कूलवाले बघा," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

नंतरची वर्षं मी शिकवत राहिलो. त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. त्याच वर्षांत लातूर मात्र बदललं. ज्या रस्त्याने मदतीचे ट्रक गेले होते त्या रस्त्यावर क्लासच्या पाट्या लागल्या. डाळीच्या जुन्या गोदामांत बाक मांडले गेले. परभणी, बीड, नांदेडकडून मुलं ट्रंका घेऊन यायला लागली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने क्लास काढला आणि मला संध्याकाळी शिकवायला बोलावलं. संध्याकाळी घरी जायला मला नको वाटायचं. मी हो म्हणालो.

त्या क्लासात एक रीत होती. रविवारी चाचणी, सोमवारी गुणांप्रमाणे बसायची जागा. पहिला आलेला पहिल्या बाकावर, शेवटचा भिंतीला टेकून. दर सोमवारी मुलं दप्तरं उचलून पुढे-मागे सरकायची. बाकं घासल्याचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जायचा. मागच्यांना फळा नीट दिसत नसे, त्यामुळे मागे गेलेला सहसा मागेच राही.

शाळेत माझा वर्ग लहान होता. कोणाला आकृती काढून दिल्याशिवाय कळत नाही, कोणाला आधी चुकू द्यावं लागतं, कोण नुसतं उतरवून घेत असला तरी त्याच्या डोक्यात चाललेलं असतं, हे मला ठाऊक असायचं आणि त्याप्रमाणे मी शिकवायचो. क्लासात ते जमेना. समोर पोरांचा समुद्र, हातात माइक. मी फळा भरायचो, पुसायचो, पुन्हा भरायचो.

एका जूनमध्ये बायको सांगायची ती चौथीतली मुलगी अकरावीला आमच्या क्लासात आली. तिला घेऊन तिचा चुलता आला होता. आईवडील भूकंपात गेले तेव्हापासून तोच तिला सांभाळत होता. वावर सोडून आला होता, चपला दाराबाहेर काढून उभा राहिला.

"बाईंच्या शाळेतली पोरगी हाय, सर," तो म्हणाला. "तुमच्याच हाती द्यायची म्हणून आणली. डॉक्टर न्हाई तर न्हाई, पर कायतरी व्हावी."

पहिल्याच चाचणीत ती भिंतीला टेकली आणि वर्षभर तिथेच राहिली. पेपर जवळजवळ कोरे असत. मला वाटलं, बायकोने मायेपोटी जरा जास्तच सांगितलं असेल.

मग एकदा क्लास सुटल्यावर जिन्यात मला तिचा आवाज ऐकू आला. किनवटच्या वसतिगृहातून आलेल्या दोन मुली तिच्या समोर पायरीवर बसल्या होत्या आणि ती त्यांना बलाचं आघूर्ण समजावत होती. जिन्याचं दार तिने बिजागरीपाशी ढकललं, ते हललं नाही. मग कडेला एका बोटाने ढकललं, ते सहज फिरलं.

"आता गणिताकडं बघा," ती म्हणाली. "गणित कुठं चाललंय ते आधी विचारा, मग त्याच्या मागं जा."

हे वाक्य माझ्या बायकोचं होतं. शब्द तेच होते, 'मागं' वर रेंगाळणंही तेच. बायकोचा आवाज कोणत्याही टेपवर नाही. मी वरच्या पायरीवर उभा राहिलो. त्या मुली निघून गेल्या तरी उभाच होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला शेवटच्या बाकावर हळू आवाजात बोलू द्यायला लागलो. मुलांनी तिचं नाव 'रेडिओ' ठेवलं.

"रेडिओ, बातम्या संपल्या का गं?" एकाने विचारलं.

"संपल्या. आता शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम. तू ऐक," ती म्हणाली.

वर्ग हसला, पण तक्रार मालकापर्यंत गेली. त्याने मला चहाला बोलावलं.

"सर, तुम्ही माझे गुरुजी. तुम्हाला मी काय सांगणार? पण इथं प्रत्येकाला त्याच्या त्याच्या तऱ्हेनं शिकवायचं म्हटलं तर मला पोरांइतके मास्तर ठेवावे लागतील. आणि बोर्डाच्या हॉलमध्ये काय करणार ती? सुपरवायझरला शिकवणार?"

त्याचं चुकत नव्हतं. हाच प्रश्न मी कधीकाळी जेवता जेवता विचारला होता.

बारावी सुरू झाली आणि चुलता पुन्हा आला. या वेळी तो बसला. निलंग्याकडचं स्थळ आलं होतं.

"दिवाळीपर्यंत बघतो, सर. पोरगी भिंतीपासून पुढं सरकली तर राहू द्या. न्हाई तर घेऊन जातो. नापास होऊन घरी आली तर लोक मलाच बोलतेल, भावाची पोरगी होती म्हणून वाया घालवली."

ती बाजूलाच उभी होती. तो गेल्यावर म्हणाली, "सर, मला जायचं न्हाई."

रविवारी दुपारी, चाचणीनंतर, मी तिला गच्चीवर बोलावू लागलो. किनवटच्या दोघीही सोबत असत. शेजारच्या डाळ मिलचा भुसा वाऱ्याने उडून गच्चीवर पसरलेला असे. आधी मी तिला मोठ्याने सोडवू दिलं, पण बोललेली प्रत्येक ओळ लगेच लिहायला लावली. नंतर कुजबुजत. नंतर नुसते ओठ हलवत. ओठ मिटायची वेळ आली तेव्हा ती अडली.

"तोंड बंद केलं की डोकं बी बंद होतंय, सर."

"डोकं चालू असतं. तुला ऐकू येत नाही इतकंच."

"मग मला कसं कळणार चालू हाय म्हणून?"

मी तिला बोट मांडीवर फिरवायला सांगितलं, बोलण्याच्या जागी. काही रविवार ती रडली. काही रविवार मीच लवकर सुट्टी दिली, कारण मला तिला गप्प करायचं नव्हतं. मी तिला गप्प केलं तर बायकोचं ते वाक्यही जाणार होतं, हे मला कळत होतं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिला लातूरला राहायचं होतं आणि त्याला दुसरा रस्ता नव्हता. मी गच्चीवर जात राहिलो.

दिवाळीच्या सुमारास ती मधल्या बाकांवर आली. चुलत्याने येऊन दारातून बघितलं, ती कुठे बसलीय ते. "मधी हाय," तो म्हणाला. "बरं, बोर्डापर्यंत राहू द्या." मग हातातली शेंगांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून गेला. स्थळाचं पुन्हा काही बोलला नाही.

परीक्षेच्या थोडं आधी किनवटच्या मुलींनी जिन्यात तिला एक उदाहरण विचारलं. मी वरून उतरत होतो. तिने तोंड उघडलं, जरा थांबली, मग म्हणाली, "सांगता येत न्हाई गं. थांब, लिहून दाखवते." तिने वही घेतली आणि सरळ उत्तरापर्यंत लिहीत गेली. बरोबर होतं. त्या दोघी वहीकडे बघत राहिल्या. त्यांना कळलं नव्हतं. त्यांना ऐकून कळायचं.

मी त्यांना बाजूला घेतलं आणि तेच उदाहरण बोलून समजावलं. बायकोचं वाक्य वापरून बघितलं. माझ्या तोंडी ते नुसती सूचना झालं. मग पुढच्या बॅचची घंटा झाली.

बारावीला तिला चांगले गुण मिळाले. क्लासच्या फलकावर फोटो लागण्याइतके नव्हते, पण नांदेडला फार्मसीला प्रवेश मिळाला. चुलता पेढे घेऊन आला. किनवटच्या दोघींपैकी एक पास झाली, दुसरी घरी गेली. तिच्यासाठी मला वेळ काढता आला नाही.

आता मी निवृत्त आहे. त्या मुलीचं नांदेडला औषधांचं दुकान आहे. मध्यंतरी गेलो तेव्हा गिऱ्हाईक होतं. तिने चिठ्ठी वाचली, मागे वळून औषध काढलं, पुडीवर वेळा लिहून दिल्या. वाचताना तिचे ओठ हलत नाहीत.