उचगावचा परदेशी मालक

सीमाभागात, टिळकवाडीत आप्पा वकिलांच्या टॅक्स ऑफिसात मी वर्षानुवर्षं टाइपरायटर बडवला. लोकांना वाटतं, तिथं काय किस्से घडणार? अहो, एक नियम आणि तो वाचणारा एक क्लार्क एवढं पुरतं, किस्से आपोआप साचतात! नुसत्या भैरूअण्णाच्या फायलीनं माझं डोकं उठवलं होतं.

भैरूअण्णाचा उचगावात पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना. तीन लेथ, चार कामगार. निपाणीच्या तंबाखू कापायच्या मशीनचे पार्ट बनवायचे. लहान कारखान्यांना टॅक्समध्ये सवलत होती, म्हणून अण्णा फॉर्म भरायला आले.

एका रकान्यात गाडी अडली. 'कंपनीत परदेशी भागीदार आहे काय?'

अण्णांचा धाकटा भाऊ मारुती विलायतेत बस चालवायचा. नागरिकत्वही तिथलंच घेतलेलं. लेथ त्यानंच घेऊन दिलेले, म्हणून कंपनीत निम्मा वाटा त्याचा.

"म्हणजे परदेशी," आप्पा म्हणाले.

"आमचा मारुती? परदेशी?" अण्णा खुर्चीवरून उठलेच. "आप्पा, त्यो तिकडं बी खर्डा-भाकरी खातोय!"

खर्ड्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता. मी 'होय' टाइप केलं.

* * *

परदेशी म्हणजे बडी कंपनी, असं टॅक्स खात्याच्या क्लार्कनं धरूनच टाकलं. सरकारी पाकीट निघालं : 'मॅनेजिंग डायरेक्टर, इंडिया ऑपरेशन्स, उचगाव.'

पोस्टमननं ते सरळ दवाखान्यात दिलं! आठ दिवसांनी कंपाउंडर पाकीट घेऊन शेडवर आला. "अण्णा, कुणाचं ऑपरेशन हाय हो?"

तोवर उत्तराची मुदत संपलेली. नवा अर्ज!

* * *

मग, ताबा परदेशी माणसाचा असेल तर सवलत नाही, म्हणून मारुतीचं निवेदन मागितलं. कारभारात मी लक्ष घालत नाही, असं त्यानं लिहून द्यायचं. त्यानं दिलं. सुरेख अक्षरात, शुद्ध मराठीत.

"परदेशी माणूस मराठीत कसा लिहील? हे बनावट आहे," क्लार्क म्हणाला.

मी इंग्रजीत टाइप करून सहीसाठी विलायतेला पाठवलं. सही होऊन आलं. सही मराठीत! पुन्हा परत.

* * *

पाचवा अर्जही परत आला तेव्हा क्लार्कनं सल्ला दिला, "भावाला कंपनीतून काढा ना. एका कागदाचं काम!"

इकडं निपाणीचा व्यापारी बजावून गेलेला, सवलतीविना भाव वाढला तर माल कोल्हापूरहून घेईन म्हणून. अण्णांनी आमच्या ऑफिसातून विलायतेला ट्रंक कॉल लावला.

पलीकडून मारुतीचा आवाज मलाही ऐकू आला. "काढ की अण्णा माझं नाव. मी कुठं पळून चाललोय?"

अण्णांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मिनिटं पळत होती.

"न्हाय," ते म्हणाले. "तुझं नाव काढण्यापरीस शेडच काढतो." आणि फोन ठेवला.

आप्पा चष्मा पुसत बसले. मी मशीनमध्ये कोरा कागद घातला. सहावा अर्ज!

* * *

सहाव्या अर्जावर शेडच्या तपासणीला खुद्द कन्नड बोलणारे साहेब आले. कंपनीवर ताबा परदेशी माणसाचा आहे की काय, एवढंच बघायचं होतं. मारुती रजेवर गावीच आलेला. आप्पा आणि मीही हजर होतो.

साहेबांनी वही उघडली. "या कंपनीत शेवटचा शब्द कुणाचा?"

तेवढ्यात दोघा भावांची आई दारात येऊन उभी राहिली. "भैऱ्या, बंद कर ती मशीन! मारत्या, किती हाका मारायच्या रं? भाकरी निवाली."

लेथ बंद झाला. दोघं भाऊ खाली मान घालून निघाले.

मग तिनं साहेबांकडं बघितलं आणि कन्नडमध्ये फर्मावलं, "तुम्ही पण हात धुवा. आधी जेवण, मग लिहिणं."

साहेब उठले. हात धुतले.

पंधरा दिवसांत सवलत मंजूर झाली. सोबत साहेबांच्या शेऱ्याची प्रत होती. आप्पांनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली :

'एक भागीदार परदेशी आहे. ताबा पूर्णपणे स्थानिक. समक्ष अनुभव घेतला.'