प्रतिपक्षाला गाडीत घेणाऱ्या वकीलबाई

हाती आलेले यश दूर लोटण्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंचा हात धरणारे माणूस साऱ्या सांगली-साताऱ्यात निघायचे नाही. बाई आटपाडीकडच्या बौद्ध वस्तीत वाढल्या. गावोगावच्या अडवलेल्या वाटा आणि नाकारलेले पाणवठे हीच त्यांची वकिली. आणि त्या वकिलीचा उपद्रव मात्र सांगलीच्या विश्रामबागेत, मला. उजाडता उजाडता आमच्या जिन्यात पक्षकारांच्या चपलांची रास पडते, तंबाखूचा आणि शिळ्या भाकरीचा वास माझ्या चहात उतरतो, आणि वर मेथी निवडता निवडता बाई युक्तिवाद घोकत असतात. माझ्या भाचीच्या लग्नात, पत्रावळी उचलणाऱ्या बायकांना आधी पंगतीत बसवल्याखेरीज त्या पाटावर बसेनात. सासरची मंडळी ताटकळली, जिलबी निवली, आणि बाई शांतपणे म्हणाल्या, "जिलबी गारही गोडच लागते."

पण त्या दिवशी त्यांनी कळस केला. "चला, वारा खायला," म्हणून मला आटपाडीच्या कोर्टाला नेले. वाटेत त्यांच्या पक्षकार असलेल्या वृद्ध आजींना गाडीत घेतले. स्मशानाकडे जाणारी वाट एका बागायतदाराने काट्या टाकून बंद केली होती. त्यामुळे आजींच्या यजमानांना पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून न्यावे लागले होते. आपली तरी अंत्ययात्रा कोरड्या वाटेने जावी, एवढेच आजींचे मागणे. त्या दिवशी बागायतदारांची साक्ष होती आणि कोर्टाने दिलेली शेवटची संधी. ते आले नाहीत, तर त्यांची बाजू तिथेच संपणार होती.

फाट्यावर तेच बागायतदार आबा उभे दिसले. एसटी निघून गेलेली, धोतरावर धूळ, चेहऱ्यावर केविलवाणेपण. बाईंनी करकचून ब्रेक लावला.

"बाई, वेड लागलंय का?" मी करवादले.

"बसा, आबा. उशीर होतोय."

डाळिंबांच्या पिशवीसकट आबा आजींशेजारी बसले.

"उतरवा त्येला!" आजी कडाडल्या. "माज्या मालकाला वड्यातनं न्ह्यायला लावलं ह्येनं!"

"पाऊस मी पाडला व्हय, म्हातारे?"

"काट्या तर तूच टाकल्यास न्हवं रं?"

उरलेला सारा रस्ता गाडीत तंबाखूचा दर्प आणि दोन म्हाताऱ्यांचे फुरंगटणे दाटून राहिले. मी संतापाने खिडकीबाहेर वाळलेल्या माळाकडे पाहत बसले. "त्यांचं ऐकलंच गेलं नाही, तर ते वरच्या कोर्टात जातील," बाई पुढे पाहत म्हणाल्या. "तिथं पोहोचेपर्यंत आजींनी थांबायचं का?"

साक्षीत बाईंनी आवाजही चढवला नाही. "आबा, ही वाट कधीपासूनची?"

म्हातारा अभिमानाने ताठ झाला. "माज्या बापाच्याबी आदीची! आमची समदी मानसं त्याच वाटंनं गेली."

त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला; वाट जुन्या वहिवाटीची असल्याचे आबांनीच कबूल करून टाकले होते. आबांना मात्र काही उमगले नाही. बाहेर येऊन त्यांनी विचारले, "बाई, परतीला गाडी हाय न्हवं?" आणि बाईंनी त्यांना फाट्यापर्यंत सोडलेसुद्धा. त्या दिवशी मी रात्रीचे जेवणही रागानेच जेवले.

काही महिन्यांनी निकाल आजींच्या बाजूने लागला. आबा अपिलात गेले नाहीत; काट्या त्यांनीच गड्यांकरवी उचलवल्या. आजींना ती वाट एकदा चालून पाहायची होती, म्हणून बाई आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. दोन्ही बाजूंना ज्वारी सळसळत होती, पायाखाली माती ऊबदार होती. टोकाशी पोहोचल्यावर आजी यजमानांच्या अखेरच्या जागेजवळ खाली बसल्या, तळवा जमिनीवर ठेवला आणि प्रसन्नपणे म्हणाल्या, "झालं बाई. आता मला कवाबी चालंल."

प्रत्येक वाक्याला प्रतिवाद असलेल्या आमच्या वकीलबाई पाठ फिरवून ज्वारीकडे पाहू लागल्या.