नमुन्याला ठेवलेली एक अळी

कादंबरीच्या दुसऱ्या भागासाठी मी नवऱ्याच्या वावरातल्या चाळीस अळ्या पुसून टाकल्या. म्हणजे अळ्यांचे फोटो. खऱ्या अळ्या पुसता आल्या असत्या तर गावानं माझा सत्कार केला असता. आता नातवंडांना सांगताना मीच आधी हसून घेते, त्यांना संधी देत नाही.

तेव्हा मी पन्नाशीची होते आणि स्वतःला मोठी वाचक समजायची. गावातलं वाचनालय कायम कुलपात. मी बुलडाण्याच्या मुलीला म्हटलं, पुस्तकं वाचायचं एक वेगळं यंत्र मिळतं म्हणे, ते आण. ती हसली. "यंत्र कशाला, आई? मोबाइलवर वाच की."

घरात धड मोबाइल एकच, तोही नवऱ्याचा. दुपारी भाकरी खायला बसलो की तो माझ्या हाती यायचा. मुलीनं पाठवलेली कादंबरी छापील पानांचे फोटो काढून केलेली. अक्षर मोठं करावं तर ओळ काचेबाहेर पळायची. मग बोटानं ती डावीकडे ओढायची, संपली की परत उजवीकडे, बैलांचा डवरा वावराच्या टोकाला नेऊन वळवावा तशी. उन्हात काही दिसायचं नाही, म्हणून वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून डोक्यावरचा पदर फोनवरही ओढून घ्यायची. पुटपुटल्याशिवाय मला वाचता येत नाही. नवरा पाठ करून जेवायचा. "झाली का वं पोथी?" एवढंच विचारायचा.

कादंबरीतली बाई ट्रंक घेऊन घरातून निघाली, अनोळखी स्टेशनावर उतरली, आणि भाग पहिला संपला. बाईला न्यायला कोणी आलं का? मला चैन पडेना. निंदण सोडून मुलीला फोन लावायची, "दुसरा भाग सापडला का गं?"

त्याच हंगामात कपाशीत गुलाबी अळी शिरली. ह्या बीटी कपाशीला बोंडअळी शिवत नाही, असं बियाणं देताना दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. बोंड वरून टवटवीत, फोडलं की आत कापूस सडका आणि मधे अळी आरामात निजलेली. नुकसानभरपाईचे पंचनामे होणार होते, पण कधी ते कोणी सांगेना, आणि हरभरा पेरायची वेळ टळत चालली होती. शेवटी नवऱ्यानं गुडघ्यावर बसून ओळीओळीनं फोटो काढले, मग कपाशीची पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर ढीग घातला.

"पुरावा फोनमंधी हाये," तो म्हणाला, "आता वावर मोकळं झालं तरी भेव नाही."

मी मान हलवली. माझं लक्ष स्टेशनावर.

दोन दिवसांनी भाग दुसरा आला, तर फोन म्हणतो जागा नाही. मी फोटो उघडले. अळी, अळी, पुन्हा अळी. साड्यांच्या दुकानात एक घडी मोडून दाखवतात, गठ्ठा मोडत नाहीत. तसं नमुन्याला एक फोटो पुरे, असं मी ठरवलं. त्यातही अक्कल बघा, सगळ्यात कमी किळसवाणा तोच ठेवला.

जेमतेम दोन पानं वाचली असतील, तोच ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारलं की उद्या पंचनामा. मी नमुन्याचा फोटो उघडला. त्यात नवऱ्याची चप्पल होती आणि अर्धं पान. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, पुसलं ते गेलं."

मग माझी जी फिरफिर सुरू झाली! विळा राहिला म्हणून वावरात गेले, विळा घेऊन घरी आले, मग विळा ठेवायला पुन्हा वावरात. तिसऱ्या खेपेला ढिगापाशी बसले आणि किडकी बोंडं तोडून पिशवीत भरली. नवऱ्याला सांगायला तोंड उघडायची आणि म्हणायची, "चहा घेता का?"

सकाळी कृषी सहाय्यक आली, माझ्या मुलीच्या वयाची. "शेत तर मोकळं आहे काका. लिहू काय मी?"

"दाखवतो ना ताई." नवऱ्यानं खिशात हात घातला.

"थांबा," मी म्हटलं. "फोटो मी पुसले."

"काऊन?"

"पुस्तकाले जागा नव्हती."

त्या ताईचं पेन थांबलं. "शाळेच्या पुस्तकाला?"

"नाही. कादंबरीला."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी पिशवी तिच्यापुढे उपडी केली. ती म्हणाली, "अळी खरी आहे, मावशी. पण तुमच्याच शेतातली कशावरून?" मी तिचा हात धरला आणि ढिगाशी नेलं. "तुम्हीच उपसा. कुठूनही." तिनं तळातली एक पऱ्हाटी ओढली, मुळाला आमची माती तशीच. बोंड फोडलं आणि किंचाळून टाकलं. मग स्वतःच्या फोनवर फोटो घेतले, ढिगाचे, वावरातल्या खड्ड्यांचे, बोंडं घेतलेल्या माझेही. "नाव लिहिते. पुढचं वर ठरेल," म्हणाली. यादीत आमचं नाव आलं, पण ते फार नंतर.

तिची जीप धाड गावच्या रस्त्याला लागली. मग नवऱ्यानं फोन काढला, बोट फिरवत राहिला. मला वाटलं, गेली माझी कादंबरी. त्यानं फोन माझ्या हातात कोंबला आणि धुऱ्यावर बसत म्हणाला,

"आता हे पुस्तक पुसू नको. एवढं महाग पडलं त पुरं वाच. अन जरा मोठ्यानं वाच वं, ते बाई स्टेशनावर उतरली त्याच्यापुढचं मले काहीच आयकू नाही आलं."